रोजच्या इंग्रजी शब्दांचं मूळ: खरं किती, ढकलपत्रातलं किती?

फळेकरी
नमस्कार मंडळी. आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या दारात एक फळा आहे. पूर्वी त्यावर सुविचार असायचा, तो कुणी वाचत नसे. आता रोज एक इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ आणि तो आला कुठून, असं लिहायला घेतलंय. आठवी-नववीची पोरं सायकल थांबवून वाचतात, वाद घालतात.

अडचण अशी की माझ्याकडे येणारा माल बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवरचा. 'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ यांची पहिली अक्षरं. 'पॉश' म्हणजे 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम', हिंदुस्थानात येताना जहाजाची डावी बाजू आणि परत जाताना उजवी, कारण तिकडच्या खोल्यांना ऊन कमी. 'गोल्फ' म्हणजे 'जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन', फक्त पुरुषांसाठी, बायकांना मनाई. 'सॅलरी' म्हणजे रोमन शिपायांना पगारात मिळायचं ते मीठ.

यातलं खरं काय? पोरं फळ्यावरचं वाचून परीक्षेत लिहितात, म्हणून चुकीचं काही जायला नको. आणि जमलं तर असे शब्द सुचवा की ज्यांची गोष्ट कोल्हापुरातल्या एखाद्या वस्तूला हात लावून सांगता येईल.

शब्दवेडी
फळेकरी दादा, उपक्रम फार आवडला. मी शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे ही ढकलपत्रं दरवर्षी नव्यानं माझ्याकडे येतात.

न्यूज: 'न्यू'चं अनेकवचन, म्हणजे नव्या गोष्टी. फ्रेंचमध्येही बातम्यांना असाच 'नव्या'वरून आलेला शब्द आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दात एक जादा 'ई' असायचा. त्याला कुठली दिशा द्यायची?

गोल्फ: १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या राजानं कायदा करून गोल्फ आणि फुटबॉल दोन्ही बंद केले, कारण लोक धनुष्यबाणाचा सराव सोडून त्यातच रमायला लागले होते. शब्द तेव्हाही होता. डच भाषेत 'कोल्फ' म्हणजे काठी, सोटा. त्याच्याशी नातं जुळतं. बायकांच्या मनाईचा इथे काही संबंध नाही.

पॉश: तसा शिक्का मारलेलं जहाजाचं एकही तिकीट आजवर कुणाला दाखवता आलेलं नाही. फळ्यावरून वगळा.

सॅलरी: अर्धं खरं. लॅटिनमध्ये 'साल' म्हणजे मीठ आणि 'सालारियुम' म्हणजे वेतन, हे नातं पक्कं. पण शिपायांच्या पदरात मीठच मोजून टाकत, असं सांगणारा त्या काळातला पुरावा नाही.

एक साधी खूण लक्षात ठेवा. पहिली अक्षरं जुळवून शब्द करायची सवय विसाव्या शतकातली, युद्धाच्या काळात फोफावलेली. 'रडार', 'लेझर' हे खरोखर तसे बनलेत. त्याआधीच्या कुठल्याही शब्दाला कुणी असा फुलफॉर्म चिकटवला तर आधी शंका घ्या.

जुनी_पेठ
मग 'ओके' काय?

शब्दवेडी
तो अपवाद, आणि पुराव्यासकट! बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात मार्च १८३९ मध्ये तो छापला गेला. 'ऑल करेक्ट' मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगनं ('oll korrect') लिहायची तेव्हा तिथे टूम निघाली होती, त्याची ही अक्षरं. अमेरिकन अभ्यासक अ‍ॅलन वॉकर रीड यांनी जुनी वर्तमानपत्रं धुंडाळून ते सिद्ध केलं. तारीख आहे, छापील कागद आहे, म्हणून मानायचं.

काकवी
दादा, कोल्हापुरातली वस्तू हवी म्हणता आणि अजून गुळाचं नाव कुणी काढलं नाही? आमचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

इंग्रजीत गुळाला 'जॅगरी' म्हणतात. हा शब्द इंग्रजांनी पोर्तुगीजांकडून घेतला, पोर्तुगीजांनी मलबारच्या किनाऱ्यावर मल्याळी माणसाकडून, आणि मल्याळी 'शर्करा' आली संस्कृतातून. आता दुसरी वाट बघा. तीच शर्करा फारसीत 'शकर' झाली, अरबीत 'सुक्कर', तिथून मध्ययुगीन लॅटिन, फ्रेंच 'सुक्र' आणि शेवटी इंग्रजी 'शुगर'. म्हणजे एक बहीण खुष्कीनं गेली, दुसरी गलबतानं, आणि दोघी एकाच शब्दकोशात वेगवेगळ्या पानांवर बसल्यात. 'सॅकरीन'ही त्याच घरातलं, ते ग्रीकमधून गेलं.

तिसरा शब्द 'कँडी'. संस्कृत 'खंड' म्हणजे तुकडा. फारसीत 'कंद', अरबीत 'कंदी', मग फ्रेंच. आपल्याकडे खांडसरी साखर म्हणतात ती हीच.

फळ्याशेजारी एक चित्रही काढा. काहिलीत रस उकळतोय, रानभेंडीचं पाणी घातल्यावर वर आलेली मळी झाऱ्यानं काढतायत, चुलवाणात जाळ घालणारा जळव्या चिपाडं सारतोय. पाक होत आला की गुळव्या त्यातला थेंब थंड पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी वळतो आणि ती आपटून कान देतो. टण्ण वाजली की काहील उतरायची, वाफ्यात ओतायची. ती गोळी म्हणजे शब्दशः शर्करा, कारण संस्कृतात शर्करेचा आधीचा अर्थ खडा, वाळूचा कण असा आहे. गोडाचा अर्थ नंतर चिकटला.

वैद्यकाका
काकवी यांच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा. आयुर्वेदात मुतखड्याच्या बारीक कणांना शर्करा म्हणतात. साखरेशी त्याचा संबंध नाही, तो जुना 'खडा' तिथे टिकून राहिलाय. आणि आपण 'खडीसाखर' म्हणतो तेव्हा ते खडेपण पुन्हा वरून जोडतो.

रंकाळाकाठ
खडीसाखर लहानपणापासून खातोय, हे डोक्यात कधी आलं नव्हतं. लई भारी.

तालीमवाला
भावांनो, आता आमच्याकडं या. शाम्पू! हा शब्द तालमीतला हाय असं म्हटलं तर कुणी खोटं पाडणार न्हाई.

हिंदीत 'चाँपना' म्हणजे दाबणं, रगडणं. 'चाँपो' म्हणजे दाब. त्याचंच इंग्रजांनी अठराव्या शतकात 'शाम्पू' केलं आणि त्याचा अर्थ निव्वळ मालिश असा होता, केसांचा काही संबंध नव्हता. पाटण्याचे शेख दीन मुहम्मद इंग्लंडात गेले, ब्रायटनला त्यांनी वाफेचं स्नान आणि मालिश सुरू केलं. खुद्द राजा चौथा जॉर्ज त्यांच्याकडनं चोळून घ्यायचा. केस धुण्याचा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. म्हणजे आमच्या तालमीत जोर-बैठका झाल्यावर हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याच्या कडंला बसून एक पैलवान दुसऱ्याच्या पिंढऱ्या रगडतो, तो खरा शाम्पू.

'जिम'चं पण सांगतो. ग्रीक 'गिम्नोस' म्हणजे उघडा. कपडे काढून कसरत करायची जागा ती 'गिम्नासियोन'. आपल्यात निदान लंगोट तरी असतो. आणि 'जिमखाना' हा आपल्याकडं तयार झालेला शब्द, 'गेंदखाना' म्हणजे चेंडूघर, त्याच्या पुढच्या टोकाला जिम चिकटवलं.

वैद्यकाका
तालीमवाले, तुमच्याच मातीतला आणखी एक घ्या. 'मसल' म्हणजे स्नायू. लॅटिनमध्ये 'मूस' म्हणजे उंदीर, 'मुस्कुलुस' म्हणजे छोटा उंदीर. दंड आवळला की कातडीखाली काहीतरी पळाल्यासारखं दिसतं, त्यावरून नाव पडलं. आपल्या पोरांना रोमन लोकांचा उंदीर सांगायच्या आधी त्यांना दंड फुगवून बेडकुळी काढायला सांगा. त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक.

तालीमवाला
काका, काय सांगताय! सकाळी हौद्यात हीच गोष्ट सांगतो. आमचा वस्ताद जाम खूश होणार.

वेदमूळ
सगळी चर्चा वाचली. मुळात इंग्रजी संस्कृतातूनच निघाली हे सरळ का सांगत नाही? मातृ म्हणजे मदर, पितृ म्हणजे फादर, भ्रातृ म्हणजे ब्रदर, त्रि म्हणजे थ्री. शर्करेची शुगर झाली तशीच पितृचा फादर झाला. फळ्यावर हे एक वाक्य लिहिलं की काम झालं.

शब्दवेडी
वेदमूळजी, साम्य तुम्ही अचूक दाखवलंत, निष्कर्षाशी मात्र मी सहमत नाही. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पोरांना त्या वेगळ्याच शिकवायला हव्यात.

फादर हा वारसा आहे, शुगर ही उसनवारी. १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका समान मुळातून आल्या असाव्यात, जे मूळ आज कदाचित अस्तित्वातही नसेल. म्हणजे संस्कृत ही इंग्रजीची आई नव्हे, थोरल्या घरातली मावशी म्हणा हवं तर.

आणि हे नुसतं 'कानाला सारखं लागतं' म्हणून नाही, त्याला नियम आहे. संस्कृतात शब्दाच्या तोंडी 'प' असेल तर इंग्रजीत 'फ' मिळतो: पितृ–फादर, पाद–फूट, पूर्ण–फुल, पंच–फाइव्ह. 'त'च्या जागी 'थ': त्रि–थ्री, तनु–थिन, तृषा–थर्स्ट. आणि 'श'च्या जागी 'ह': शत–हंड्रेड, शृंग–हॉर्न, श्वान–हाउंड.

आता शर्करा घ्या. ती वारशानं आली असती तर इंग्रजीत तिच्या तोंडी 'ह' मिळाला असता. मिळाला 'श', कारण ती खूप नंतर, व्यापाऱ्यांच्या पोत्यांतून गेली. वारसा आणि उसनवारी ओळखायची एवढी स्वच्छ कसोटी दुसरी नाही.

वेदमूळ
नियम पटण्यासारखे आहेत. पण समान मूळ भाषेचा एकही शिलालेख नाही हेही लिहा. मी माझ्या मतावर आहे.

शब्दवेडी
शिलालेख नाही, बरोबर. पण मराठीचं रूप दोन हजार वर्षांत कसं बदललं ते आपण लेखांतून, पोथ्यांतून पावलापावलानं दाखवू शकतो. तीच पद्धत मागे नेली की मूळ रूपाचा अंदाज बांधता येतो. आणि संस्कृतची थोरवी तिला सगळ्यांची आई ठरवल्यानं वाढत नाही. तिचा पाणिनीच तेवढा पुरेसा आहे.

दूधकट्टा
'प'चा 'फ' वाचून एक आठवलं. गंगावेशीत म्हशी आणून समोर धार काढून देतात, तिथे उभं राहून हे सांगा: शाळेची 'फी' म्हणजे मुळात गुरंढोरं! जुन्या जर्मानिक भाषांतला 'फेहू', संस्कृत 'पशु' आणि लॅटिन 'पेकुस' ही भावंडं. जनावर हीच संपत्ती होती, मग त्याचाच अर्थ पैसा झाला. 'कॅटल' आणि 'कॅपिटल' हेही एकाच लॅटिन शब्दातून आलेत. आपण गोधन, पशुधन म्हणतो त्यात हेच आहे.

उद्यमनगरी
गुळाचं झालं, म्हशींचं झालं. कोल्हापूर ऑइल इंजिनांचं आणि कास्टिंगचं गाव आहे हे विसरू नका. माझा आयुष्यभराचा धंदा पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचे नमुने, बनवण्याचा.

'फाउंड्री'च्या मुळाशी लॅटिन 'फुंदेरे', म्हणजे ओतणं. त्यातून किती शब्द फुटलेत बघा. 'रिफंड' म्हणजे परत ओतणं. 'कन्फ्यूज' म्हणजे एकात एक ओतून घोटाळा करणं. विजेचा 'फ्यूज' वितळतो तोही त्यातलाच. आणि पोरांना सगळ्यात जवळचा: संगणकातला 'फॉन्ट'. छापखान्याचे खिळे शिसं ओतून पाडायचे, एका ओतणीतला एका वळणाचा संच तो फॉन्ट. त्यामुळे पोरगं मोबाइलवर फॉन्ट बदलतं तेव्हा भट्टीतलाच शब्द वापरत असतं.

आमच्या जुन्या भट्टीला 'क्युपोला' म्हणतात. लॅटिन 'कुपुला' म्हणजे छोटं पिंप. भट्टी उभ्या पिंपासारखीच असते, आत कोक आणि भंगाराचे थर. वाळूच्या साच्यात लाल रस ओतताना बघितलेलं पोरगं 'ओतणे' या क्रियेवरून निघालेले सगळे शब्द एका दमात पाठ करतं, हा माझा अनुभव आहे.

स्टँडवरचा
उद्यमनगरी, गॅरेजवाल्यांचा पण एक टाका. 'स्टेपनी'. आपण जादा चाकाला स्टेपनीच म्हणतो. वेल्समध्ये लानेथ्ली नावाच्या गावात स्टेपनी स्ट्रीट आहे. १९०४ च्या सुमारास तिथे जादा चाक बनवायची कंपनी निघाली, रस्त्याचंच नाव चाकाला. तिकडं लोक हा शब्द कधीच विसरले, आपल्याकडं वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या जीपपासून ट्रकपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हाय.

रंकाळाकाठ
वेल्समधल्या गल्लीचं नाव गगनबावड्याच्या घाटात पंक्चर काढताना घेतलं जातं. हे फळ्यावर आलंच पाहिजे.

पांढरा_रस्सा
स्वयंपाकघराकडे कुणी फिरकलं नाही म्हणून मी आले.

इंग्रजी 'पेपर', म्हणजे मिरी, हा संस्कृत 'पिप्पली'वरून ग्रीक, लॅटिन करत गेला. पिप्पली ही लांबट, औषधात वापरतात ती. व्यापारात नाव घसरून काळ्या मिऱ्याला लागलं. नंतर अमेरिका खंडातून तिखट फळ आलं, तर इंग्रजांनी त्यालाही पेपरच म्हटलं.

आता आपलं बघा. संस्कृत 'मरिच' म्हणजे काळी मिरी. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ते लाल फळ इथे आलं आणि आपणही त्याला मिरीवरूनच 'मिरची' नाव दिलं. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तीच युक्ती केली. इंग्रजी 'चिली' मात्र मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमार्गे आलेला.

म्हणजे आपला तांबडा रस्सा पाचशे वर्षांपूर्वी या रंगाचा आणि या चवीचा असणं शक्यच नव्हतं. तिखटपणा तेव्हा मिरी, पिप्पली आणि आल्याचा. 'जिंजर'सुद्धा आपल्या 'शृंगवेर'चा प्रवासी.

जुनी_पेठ
तांबड्या रश्श्याबद्दल असलं बोलून कोल्हापुरात राहायचं आहे ना ताई? आणि चिली देशाचं काय? मिरचीवरून नाव?

पांढरा_रस्सा
नाही, देशाच्या नावाचा मिरचीशी संबंध नाही, नुसतं उच्चारसाम्य. आणि मी पांढऱ्याच्या बाजूची आहे, मला तांबड्याची भीती नाही.

खतावणी
साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालो. सॅलरीच्या मिठावर इतकं बोलणं झालं, पण आपल्या 'पगार' शब्दाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही याचं वाईट वाटलं.

पगार पोर्तुगीज आहे. 'पागार' म्हणजे पैसे देणं. त्याचं मूळ लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणं, समाधान करणं, आणि त्याच्या मुळाशी 'पाक्स', शांतता. इंग्रजी 'पे' फ्रेंचमार्गे नेमका तिथूनच आला. तेव्हा 'पे' आणि 'पगार' हे सख्खे, आणि इंग्रजी 'पीस' त्यांचा चुलत. घेणेकऱ्याला शांत करणं हा मूळ अर्थ. पगार लांबला की कामगार गेटवर का जमतात, ते या शब्दातच लिहिलेलं आहे. हे मी फार गांभीर्यानं म्हणतो, कारण पगाराच्या तारखेची वाट बघणारी घरं मी खिडकीच्या आतून वर्षानुवर्षं पाहिली.

गुळाच्या सौद्यातला 'लिलाव'ही पोर्तुगीज 'लैलांव'वरून, आणि तो अरबीतून, पुकारा करणे या अर्थाचा. इंग्रजी 'ऑक्शन' लॅटिनच्या वाढवणे या धातूवरून. एकाला ओरडणं ऐकू आलं, दुसऱ्याला वाढणारा भाव दिसला. मार्केट यार्डात सकाळी गेलं की दोन्ही एकदम सापडतं. ३० किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप समोर, भोवती अडते आणि व्यापारी, आणि पुकारा. ज्या पोत्यात माल भरतात ती गोणी, तिच्यावरूनच इंग्रजी 'गनी बॅग'.

काकवी
खतावणी काका, गोणीचं ठाऊक नव्हतं. आमच्या घरात तर ढीग आहे.

राधानगरीकर
'जंगल' शब्दावर माझा फार जीव आहे, म्हणून लिहितो. इंग्रजी 'जंगल' ऐकलं की दाट, ओलं, अंधारं रान डोळ्यांसमोर येतं. शब्द हिंदी-मराठीतून गेला, मूळ संस्कृत 'जांगल'. आणि जांगल म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा प्रदेश! वैद्यकाका सांगतील, आयुर्वेदात जांगल देश म्हणजे कमी पाण्याचा आणि आनूप देश म्हणजे पाणथळ.

आता दाजीपूरला पावसाळ्यात या. जळवा, धुकं, करवंदीच्या जाळ्या, अंजनीची झाडं, चार हातांवरचा गवा दिसत नाही. १९५८ मध्ये संरक्षित झालेलं हे रान. चरकाच्या हिशेबानं ते जांगल अजिबात नव्हे. शब्द आधी मोकळ्या, न नांगरलेल्या जमिनीला लागला, मग झुडपी रानाला, आणि इंग्रजीत जाईपर्यंत पार उलट्या टोकाला पोचला.

'चित्ता'ही सांगा. संस्थानाच्या काळात कोल्हापुरात शिकारीसाठी चित्ते पाळत, चित्तेवान होते. इंग्रजी 'चीता' आपल्याकडचाच शब्द, अंगावरच्या ठिपक्यांवरून, संस्कृत 'चित्र'शी जोडलेला.

वैद्यकाका
जांगल-आनूप बरोबर सांगितलंत. अर्थ उलटण्याचं इंग्रजीतलं उदाहरण 'नाइस'. लॅटिन 'नेस्कियुस' म्हणजे अडाणी. मूर्ख, मग नाजूक, चोखंदळ, आणि शेवटी छान. 'सिली' उलट दिशेनं गेला, आधी धन्य, सुखी, मग भोळा, मग बावळट. संस्कृतात 'साहस' म्हणजे दांडगाई, जबरदस्तीचा गुन्हा. आज आपण साहसाचं बक्षीस देतो.

फळेकरी
मंडळी, वहीची पानं भरली. मनापासून आभार. आता मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्ही सगळे इथे आहात म्हणून कळलं. पण उद्या नवा शब्द समोर आला तर पोरांनी स्वतः कसं तपासायचं? गोष्ट खरी की रचलेली हे ओळखायला त्यांना काय सांगू?

शब्दवेडी
तीन प्रश्न विचारायला शिकवा. पहिला, हा शब्द लिहिलेला सगळ्यात जुना कागद कुठला? गोष्ट त्यानंतरची असेल तर ती गळाली. दुसरा, वाटेतल्या भाषा कोणत्या? शर्करा, शकर, सुक्कर अशी पायरी-पायरी दाखवता आली पाहिजे, मधली पायरी गायब असेल तर थांबायचं. तिसरा, त्या भाषांची माणसं तेव्हा एकमेकांना भेटत होती का? व्यापार, लढाई, धर्म, काहीतरी कारण लागतं.

भारतातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांसाठी यूल आणि बर्नेल यांचा १८८६ चा 'हॉब्सन-जॉब्सन' कोश अजून उपयोगी पडतो. प्रत्येक शब्दाखाली जुन्या प्रवाशांच्या नोंदी तारखेसह दिल्या आहेत.

जुनी_पेठ
त्या कोशाचं नावच मोठं आहे की. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन! या हुसेन!' हा गजर गोऱ्या शिपायांच्या कानाला 'हॉब्सन-जॉब्सन' असा ऐकू आला. आमच्या तालमीत पंजे बसतात, सगळ्या जातीधर्माची पोरं राबतात. त्यांना हे सांगितलं की पुढचे सगळे शब्द ती स्वतः विचारत येतील.

फक्त एक विनंती, शब्दवेडी ताई. खोट्या गोष्टी फळ्यावरून पार काढून टाकू नका. 'ही गोष्ट लोक सांगतात' म्हणून बाजूला लिहा. लोकांना असं का वाटलं, हेही कळायला हवं.

शब्दवेडी
बाजूला, वेगळ्या रंगाच्या खडूनं, आणि खाली 'पुरावा नाही' असं स्पष्ट लिहून. तेवढी अट मान्य असेल तर माझी हरकत नाही.

पन्हाळ्याचा_वारा
गडाला कोणी विचारेना! किल्ल्यांवर कातळात खोदलेली पाण्याची टाकी असतात. इंग्रजी 'टँक' त्यावरूनच ना?

शब्दवेडी
बऱ्याच अंशी हो. मराठी 'टाके' आणि गुजराती 'टांकुं' इंग्रजांनी इथे उचलले, त्यात पोर्तुगीज 'तांक' मिसळला. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या जुन्या लिखाणात तलावालाही टँक म्हणतात. पहिल्या महायुद्धात चिलखती गाडी बनवताना गुपित फुटू नये म्हणून कामगारांना पाण्याच्या टाक्या बनवतोय असं भासवलं, आणि १९१६ मध्ये ती रणांगणात उतरली ती त्याच नावानं.

पण मराठीनं थेट दिलेला, माझा लाडका शब्द वेगळाच. 'मंगूस'! इंग्रजांनी तो मराठी 'मुंगूस'वरून घेतला, आपल्याकडे तो द्राविडी शेजाऱ्यांकडून आला असावा. शेवट 'गूस'सारखा ऐकू येतो म्हणून पोरं अनेकवचन 'मंगीस' करतात. हंसाशी त्याचं काही नातं नाही, 'मंगूसेस'च लिहायचं.

तालीमवाला
रविवारी शाहू स्टेडियमवर सामना हाय. सगळी पेठ तिकडंच जाणार. त्या दिवशी फळ्यावर खेळातला शब्द पाहिजे. ऑफसाइडवरनं भांडणं व्हायच्या आधी रेफरीवर काहीतरी द्या.

फळेकरी
ताई, 'रेफरी' आणि 'अंपायर' दोन्ही जमतील का? शनिवारी रात्रीच लिहून ठेवतो.

शब्दवेडी
रेफरी म्हणजे ज्याच्याकडे वाद सोपवला तो, 'रेफर' करणेवरून. सुरुवातीला तो मैदानाबाहेर असायचा, दोन्ही बाजूंचे पंच भांडले की त्याला विचारायचे.

अंपायर जास्त रंगतदार. जुन्या फ्रेंचमध्ये 'नोंपेर' म्हणजे जोडीतला नसलेला, दोघांच्या वर तिसरा. इंग्रजीत तो 'अ नंपायर' असा आला आणि बोलता बोलता लोकांनी 'न' अलीकडे ओढून 'अन अंपायर' केला. 'एप्रन'चंही तेच, तो आधी 'नेप्रन' होता. आपल्या 'नारंग'चा 'न'सुद्धा फ्रेंच लोकांकडे पोचेपर्यंत असाच गळाला आणि 'ऑरेंज' उरलं. रविवारी हे तिन्ही एकत्र लिहा आणि खाली पोरांना विचारा, 'न' नेमका कुठे गेला?